कूलरच्या खोलीतली कोळीण

कुत्र्यामांजरांची पत्रं दर वेळी येतातच, पण या वेळी टपालात चार पत्रं चक्क टॅरँट्युलांची, म्हणजे मोठ्या केसाळ कोळ्यांची निघाली आणि चारही नागपूर आणि आसपासची, म्हणून म्हटलं या अंकात बाकी सगळ्यांना सुट्टी. लॅब्राडॉरवाल्यांनो, रागावू नका.

प्रश्न : ताई नमस्कार. मी मानेवाड्याला रूम करून राहतो, इंजिनियरिंगचं शेवटचं वर्ष आहे. माझा मित्र नोकरीसाठी पुण्याला गेला आणि जाताना त्याची मेक्सिकन रेड नी टॅरँट्युला मादी माझ्याकडे देऊन गेला. पाय पसरले की साधारण १२ सेंटिमीटर भरते. माझ्याकडे जुना दोन फुटी फिश टँक पडून होता, त्यात ठेवली. खाली दोन बोटं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), वर जाळीचं झाकण, व्हिडिओत बघून टँकखाली हीट मॅट लावली आणि वरून एक लाल बल्ब, पाण्याच्या वाटीत स्पंजचा तुकडा. आता ती दिवसभर काचेवर चढून राहते, जाळीला उलटी लटकते, तीन आठवडे झाले काही खाल्लं नाही. हवेतली ओल मोजणारा हायग्रोमीटर कधी ३० टक्के दाखवतो कधी ८०. मार्च संपत आला, पुढे आपला उन्हाळा आहे. माझं काय चुकून राहिलं?

उत्तर : आधी उठ, हीट मॅटचा प्लग काढ, बल्ब बंद कर, मग पुढचं वाच. मी थांबते.

हे बघ, ज्यानं तो व्हिडिओ बनवला त्याच्या खिडकीबाहेर बर्फ पडत असेल, त्याला खोली गरम करायची चिंता आहे. आपल्या नागपुरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ वर गेला होता. इथे आपल्याला चिंता उलटी, तर कृतीही उलटी पाहिजे ना बाप्पा. आणि हीट मॅट खालून लावणं तर थंड देशातही चुकीचंच आहे, कारण जमिनीवरचा कोळी गरम झालं की खाली खणतो, त्याच्या डोक्यात हजारो पिढ्यांपासून एकच गोष्ट बसली आहे की ऊन वर असतं आणि थंडावा खाली, आता तू खालूनच तवा तापवला तर ती खणत खणत तव्यावरच जाऊन बसणार. वर यावं तर बल्ब. दोन्ही वाटा तू बंद केल्यास, मग ती बिचारी भिंतीवर नाही चढणार तर काय करणार.

(तिला कोळीण म्हटलं की लोकांना मासेवाली आठवते, म्हणून मी घरी 'बाई' म्हणते. इथेही तेच चालवते.)

आता बाईचं माहेर कुठलं ते समजून घे, म्हणजे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात. मेक्सिकोचा पॅसिफिक समुद्राकडचा पट्टा, तिथलं पानझडी, काटेरी, झुडपी रान. पाऊस जून ते ऑक्टोबर, बाकी वर्ष कोरडं ठाक, झाडं उघडीबोडकी. ओळखीचं वाटलं? आपल्या विदर्भातल्या रानापेक्षा फार वेगळं नाही ते. मग ती तिथे जगते कशी, तर बिळात. झाडाच्या मुळाशी, दगडाखाली बीळ करते आणि बिळात बाहेरच्यापेक्षा थंड आणि ओलसर राहतं. म्हणजे तुला तिच्यासाठी अख्खं मेक्सिको उभं करायचं नाही, एक बीळ उभं करायचं आहे. बाकी सगळी सजावट तुझ्यासाठी आहे, तिच्यासाठी नाही.

दोन फुटी टँक लगेच बदल. लांबी जास्त झाली याचं काही नाही, उंची जास्त झाली हा घात आहे, आणि त्यात तू माती टाकली दोन बोटं म्हणजे वर फूटभर तरी मोकळी जागा राहिली. टॅरँट्युलाचं पोट म्हणजे पाणी भरलेला पातळ फुगा समज. माझ्या पहिल्या बाईला मी असाच उंच टँक दिला होता, दिसायला फार देखणा, आल्या-गेल्याला दाखवायचे. एका रात्री ती जाळीवरून सुटली आणि खालच्या चिनीमातीच्या वाटीच्या काठावर पडली. सकाळी बघते तर पोटाला नखाएवढी चीर आणि त्यातून फिकट निळसर पाणी झिरपून राहिलं होतं, कोकोपीटवर त्याचा ओला डाग. मी कॉर्नफ्लोअर लावलं, फेविक्विकचा थेंब लावून बघितला, दुपारपर्यंत तिचे पाय आत वळून गेले. पाय आत का वळतात तर त्यांच्या पायात पाय लांब करणारे स्नायू सगळ्या सांध्यांना नसतातच, अंगातल्या द्रवाचा दाब देऊन पाय सरळ होतात, द्रव गेला की जेसीबीचं तेल गळल्यासारखं होतं. पाण्यावाचून सुकलेला कोळीही असाच पाय मुडपून बसतो, ते लक्षात ठेव, पुढे कामी येईल.

म्हणून हिशेब असा ठेव की मातीपासून झाकणापर्यंतचं अंतर तिच्या पायांच्या पसाऱ्याएवढं, फार तर दीडपट. लांबी पसाऱ्याच्या तिप्पट, रुंदी दुप्पट. तुझ्या बाईला ३६ बाय २४ सेंटिमीटर पुरतं, पण बाजारात तसं माप मिळत नाही तर सरळ दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच घे. ॲक्रिलिकचं बनवून घेतलं तर छान, नाहीतर भांड्यांच्या दुकानात क्लिपचं घट्ट झाकण असलेले पारदर्शक डबे मिळतात तेही चालतात, मी स्वतः सहा वर्षं तशाच डब्यात ठेवली. त्यात अर्धा डबा माती भर, १५ सेंटिमीटर माती, १५ वर मोकळं. झालं.

जाळीचं झाकण नको. त्यांच्या पायाच्या टोकाला मांजरासारखी बारीक नखं असतात, ती जाळीत अडकतात, मग ती लटकून राहते, पाय तुटतो नाहीतर खाली पडते. त्याऐवजी डब्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंना सोल्डरिंग आयर्ननं दोन-तीन मिलिमीटरची भोकं पाड, एका बाजूला मातीच्या जरा वर, दुसऱ्या बाजूला झाकणाजवळ, म्हणजे हवा एकीकडून येऊन दुसरीकडून जाते. भोकं बाहेरून आत पाड आणि आतली कड घासून घे, नाहीतर वितळलेल्या प्लास्टिकचे काटे राहतात. आणि हे सगळं बाई डब्यात नसताना, तो धूर विषारी असतो, हे सांगायची गरज नसावी पण मागे एकानं तसं केलं होतं म्हणून सांगते.

माती. कोकोपीट चांगलं आहे पण नुसतं कोकोपीट सुकलं की भुसभुशीत होतं, बीळ टिकत नाही. नर्सरीतून साडेसहाशे ग्रॅमच्या दोन विटा आण, उकळतं पाणी टाकून फुगव, पिळून गच्चीवर दोन दिवस ऊन दाखव, आपलं ऊन कुठल्याच किड्याला सोडत नाही. त्यात एक तृतीयांश चाळलेली लाल माती मिसळ. आपली काळी कपाशीची माती मात्र चुकूनही नको, ओली असताना चिखल आणि सुकली की हात जाईल एवढ्या भेगा, बाईचं बीळ तिच्यासकट दबून जाईल. शेतातली मातीही नको, फवारणीचा भरोसा नाही, आणि नर्सरीची खत मिसळलेली तयार माती तर नकोच. ओलावा किती तर मूठ आवळली की गोळा व्हावा पण बोटांतून पाणी टपकू नये. थरथर भरून हातानं चांगली दाबायची. मग एका कोपऱ्यात नारळाची अर्धी करवंटी किंवा फुटलेल्या माठाचा गोलवा अर्धा पुरायचा आणि त्याच्या तोंडाशी बोटानं थोडं बीळ सुरू करून द्यायचं, पुढचं बांधकाम ती स्वतः करते. तिला तुझं डिझाइन नाही आवडलं तर सगळी माती उकरून दुसऱ्या कोपऱ्यात ढीग लावेल, लावू दे.

एकदा भरलं की ही माती वरून सुकू द्यायची. हो, सुकू द्यायची. या जातीला वरची माती कोरडी आवडते, पाय ओल्या मातीला लागले की ती भिंतीवर चढते, म्हणून नव्या घरात पहिला आठवडा चढउतार करेल, घाबरू नको. फक्त एक कोपरा, करवंटीजवळचा, दहा-पंधरा दिवसांनी पाण्यानं खोलवर भिजवायचा. वरून स्प्रे मारत बसू नको, त्यानं वरचा थर ओला आणि खालचा कोरडा राहतो, म्हणजे बिळाच्या बरोबर उलटं. भिंतीशी बारीक धार सोडली की पाणी खाली जातं.

वाटीतला स्पंज फेकून दे. कोळी स्पंजातून पाणी ओढत नाही, स्पंजात फक्त घाण वाढते. बसकी, जड वाटी, त्यात साधं पाणी, पाय बुडाला तरी ती बुडत नाही. पाण्याची वाटी भरलेली असेल तर आर्द्रतेचे आकडे विसर. तो हायग्रोमीटर दोनशे रुपयांचा असेल, ३० ला ८० दाखवणारं यंत्र घड्याळ असतं तर तू कॉलेजला गेला असतास का त्यावर? बाईकडे बघ. पोट सुरकुतलं, सारखी वाटीवरच बसून राहिली तर कोरडं झालं. बुरशीचा पांढरा कापूस दिसला, कुबट वास आला तर ओल जास्त, हवा कमी.

आता उन्हाळ्याचं बोलू. २४ ते ३० डिग्रीत ती मजेत, ३२-३३ ला खोल बिळात बसून काढते, ३५ च्या वर गेलं की धोका. भाड्याची रूम वरच्या मजल्यावर स्लॅबखाली असेल तर डबा कपाटावर नाही, जमिनीवर ठेव, आतल्या भिंतीशी, पश्चिमेच्या भिंतीपासून लांब. कूलर असेलच. कूलरचा झोत डब्यावर सरळ मारू नको, झोतात माती दोन दिवसात वाळते, पण कूलरच्या खोलीत एका बाजूला डबा असणं हे उत्तम, खोली २८-३० ला येते आणि हवेत ओलही राहते. एप्रिल-मेमध्ये कूलर चालू तर कोपरा भिजवायचं अंतर वाढव, कूलर बंद असलेल्या खोलीत कमी कर.

आणि नवतपात दुपारी लाइट गेली की? माठाचा उपाय. मोठ्या घमेल्यात ओली वाळू घे, त्यात डबा ठेव आणि दोन बाजूंनी ओलं गोणपाट टेकव, हवेची भोकं उघडी राहिली पाहिजे. आपल्याकडे मेमध्ये हवा एवढी कोरडी असते की पाणी भराभर उडतं आणि चांगलं थंड होतं, माझ्याकडे खोली ३९ असताना डब्यात ३२ राहिलं आहे. जूनमध्ये दमट व्हायला लागलं की ही युक्ती बंद पडते, तेव्हा बर्फ झालेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून डब्याच्या बाहेर एका बाजूला टेकवायची, आत नाही. फ्रिजमध्ये ठेवू का असं विचारू नको.

हिवाळ्याचं एवढं काही नाही, खोली १८-२० ला आली तर ती कमी खाते, कमी हलते, खिडकीपासून दूर ठेव, बस.

तीन आठवडे न खाणं म्हणजे काहीच नाही, मोठ्या माद्या महिनोन्महिने उपास करतात, आपल्या चातुर्मासवाल्या आज्ज्या लाजतील. नवीन डब्यात दहा दिवस स्थिरावू दे, मग तिच्या पोटापेक्षा लहान एक रातकिडा किंवा झुरळ सोड, पाळलेलंच, घरातलं नाही, त्यानं काय खाल्लं असेल देव जाणे. दुसऱ्या दिवशी उरलं असेल तर काढून घे. मोठीला दहा-बारा दिवसांतून एक पुरतं.

शेवटचं, आणि हे टाळू नको. ही जात साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट दोनमध्ये आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे आणि २०२४ मध्ये नोंदणीचे नियमही आले, तेव्हा अशा प्राण्याची नोंद केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर असावी लागते, हात बदलले तर तेही कळवावं लागतं. 'मित्र देऊन गेला' हे कागदावर चालत नाही. मित्राकडे काय कागद आहेत ते आजच फोन करून विचार. राज्याच्या वनखात्याचं मुख्यालयच आपल्या सिव्हिल लाइन्सला आहे, शंका असेल तर तिथे जाऊन विचारायला तुला अर्धा तासही लागणार नाही.

प्रश्न : माझ्या मुलानं असाच एक केसाळ कोळी आणला आहे (नंदनवन). डास मारायचं लिक्विड मशीन आम्ही रोज लावतो, ते चालेल का? शिवाय डबा पुसला तेव्हापासून माझ्या मनगटावर बारीक पुरळ आली आहे, ती त्याच्या विषाची आहे का? घरात सासूबाईंना दमा आहे.

उत्तर : मशीन त्या खोलीत अजिबात नको वहिनी. डास आणि कोळी दोघांच्या नसांवर ते औषध सारखंच काम करतं, फक्त कोळ्याला जरा वेळ लागतो, आधी पाय थरथरतात, मग चाल वाकडी होते. कॉइल, फवाऱ्याचा डबा, झुरळांचं पेस्ट कंट्रोल, कुत्र्याच्या मानेवर टाकायचं गोचिडाचं औषध लावून तोच हात डब्यात घालणं, सगळं एकाच माळेतलं. त्या खोलीला खिडकीची जाळी आणि मच्छरदाणी. पावसाळ्यात डेंग्यूच्या दिवसांत गल्लीत धूर फवारणीची गाडी आली की आवाज ऐकल्याबरोबर खिडक्या लावा आणि डबा आतल्या खोलीत न्या, धूर बसल्यावर दोन तासांनी परत.

पुरळ विषाची नाही. अमेरिका खंडातल्या बऱ्याच जाती घाबरल्या की मागच्या पायानं पोटावरचे बारीक केस झटकतात, त्या केसांना काटे असतात, ते कातडीत रुततात आणि खाज सुटते. खाजलीसारखंच समजा, आपल्या रानातली कुयरी आठवते ना. खाजवू नका, सेलोटेप चिकटवून ओढा, दोन-तीन वेळा, बरेच केस निघून येतात, मग पाण्यानं धुवा. डबा पुसताना हातमोजे आणि मास्क घाला, तोंड डब्यावर वाकवू नका. केस डोळ्यात गेला तर मात्र घरी काही करू नका, डोळ्यांच्या डॉक्टरला सरळ 'कोळ्याचा केस आहे' असं सांगा, कारण तो साध्या बॅटरीनं दिसत नाही, मशीनखाली शोधावा लागतो. सासूबाईंना दमा असेल तर डबा त्यांच्या खोलीत नकोच, आणि खरं सांगू का, डबा पुसायचं काम तुमचं का, ज्यानं आणला त्याच्याकडे द्या.

प्रश्न : आमचा टॅरँट्युला सकाळपासून पाठीवर उलटा पडला आहे, पाय वर. मेला का? बाबा म्हणतात कुंडीत पुरून टाक. (प्रतापनगर)

उत्तर : थांबा, पुरू नका! मेलेला कोळी सहसा पालथा, पाय पोटाखाली मुडपून पडतो. पाठीवर, पाय पसरून, खाली रेशमाची चटई, म्हणजे तो कात टाकून राहिला आहे. आधी काही दिवस खाणं सोडलं असेल, पोटावरचा टक्कल पडलेला भाग काळपट झाला असेल. हात लावू नका, फुंकर नको, पाणी मारू नका, डबा हलवू नका, आत किडा असेल तर चिमट्यानं अलगद काढा कारण या वेळी रातकिडासुद्धा त्याला कुरतडून मारतो. काही तासांत पाठीचं झाकण उघडतं आणि पाय मोज्यातून काढल्यासारखे एक एक करून बाहेर येतात, मी दर वेळी जेवण सोडून बघत बसते. नंतर दहा-पंधरा दिवस खायला देऊ नका, दात आधी पांढरे असतात, मग लाल, मग काळे, काळे झाले की द्या. पाणी लगेच भरून ठेवा. कात फेकू नका, त्यावरून नर की मादी कळतं. मादी निघाली तर वीस वर्षं तुमच्याकडे आहे, बाबांना हे जरा सावकाश सांगा.

प्रश्न : काटोलकडे आमच्या संत्र्याच्या बागेत बांधाला एक बीळ आहे, तोंडाला रेशीम, रात्री टॉर्च मारला तर हाताच्या पंजाएवढा तपकिरी कोळी दिसतो. विकत आणण्यापेक्षा हाच डब्यात ठेवला तर? डब्यात माती किती टाकू?

उत्तर : माती टाकूच नका, भाऊ. आपल्याकडच्या टॅरँट्युलांना ते खाजरे केस नसतात, म्हणजे इशारा द्यायचं एक हत्यार कमी, म्हणून ते सरळ चावतात, आणि एवढे चपळ असतात की झाकण उघडलं आणि कुठे गेला ते कळत नाही. चावल्यानं माणूस मरत नाही पण दोन दिवस हात सुजून आखडतो. शिवाय बीळ खणून काढलं की ती मादी असण्याची शक्यता जास्त, आत पिल्लांची पिशवीही असू शकते, आणि असं एक बीळ व्हायला कितीतरी वर्षं लागतात. जंगलातून किंवा अभयारण्यातून उचलणं तर गुन्हाच आहे. हा छंद कुठवर जातो त्याचं एक उदाहरण आंध्रातलं, गुटी स्टेशनच्या लाकडांच्या वखारीत सापडलेला निळा कोळी, १८९९ साली त्याचं वर्णन झालं, आज जगभर लोक तो डब्यात पाळून राहिले आणि त्याच्या मूळ जंगलात तो नामशेष व्हायच्या काठावर आहे.

तुमचा कोळी बागेतले किडेच खाऊन राहिला, भाडंही मागत नाही. बांधाचा तेवढा तुकडा फवारणीतून आणि रोटाव्हेटरमधून सोडा, एक काठी रोवून वर लाल चिंधी बांधा म्हणजे ट्रॅक्टरवाल्याला दिसेल. बघायचा असेल तर पहिला पाऊस झाल्यावर रात्री जा, टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावा आणि चार हातांवर गुपचूप बसा, पायाचा दणका लागला की तो आत जातो आणि मग तासभर बाहेर येत नाही.